माझ्या तारांमधले मीठ

मित्रांनो, तंजावूरच्या राजवाड्यामागे एक अरुंद गल्ली आहे. तिच्या टोकाला, पत्र्याच्या छपराखाली, एक हिरवा, रंग उडालेला जनरेटर उभा आहे. तो मी. शाळेतून येताना तुमच्यापैकी कोणी माझ्या चाकावर पाय टेकवून बुटाची नाडी बांधली असेल. मी रागावलो नाही. रागवायलाही अंगात थोडी ताकद लागते आणि मी आता फार दमलो आहे. तरी एकदा सगळे सांगून टाकतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्या देहाचे दोन भाग आहेत. एका बाजूला डिझेलवर चालणारे इंजिन आणि दुसऱ्या बाजूला वीज तयार करणारे यंत्र. त्या यंत्राच्या पोटात तांब्याच्या तारांची वेटोळी दाटीने बसवलेली असतात. कारागीर त्यांना वाइंडिंग म्हणतात. तारांमधली वीज बाहेर फुटू नये म्हणून त्यांच्यावर वार्निशचा थर देतात. माझा थर मधासारखा चकाकत होता. मला फौजेसाठी निवडले गेले, अंगावर हिरवा रंग चढला आणि दोन चाकांच्या गाड्यावर मला पक्के बसवले. आगगाडीवर चढताना मला वाटले होते, आपण लोखंडाचे आहोत, आपल्याला कोण काय करणार?

मला वाळवंटातल्या एका चौकीवर उतरवले. तिथला रेडिओ माझ्या विजेवर चालायचा. माझी देखभाल हवालदार तुळजाराम यांच्याकडे होती. ते तंजावूरचे, पण घरात मराठी बोलणारे. चौकीवरच्या जवानांना याचे मोठे नवल वाटायचे. "तंजावूरचा आणि मराठी? ते कसं काय?" असे कोणी ना कोणी विचारायचेच. तुळजाराम हसून सांगायचे, "आमचे पूर्वज राजाबरोबर तिकडं गेले. परत यायचं राहूनच गेलं."

मित्रांनो, तुम्ही धूळ पाहिली आहे. ओट्यावर बोट फिरवले की लागते ती. पुसली की गेली. वाळवंटातली धूळ तशी नसते. ती एक नसतेच मुळी. टेकड्यांवरची वाळू वाऱ्याने लोळून लोळून गोल झालेली असते, ती अंगावर आपटते आणि खाली पडते. ट्रकांच्या चाकांखाली भरडून निघते ती मात्र नवी धूळ, तिच्या कणांना धारा असतात. त्यात गारगोटीचे कण असतात आणि गारगोटी लोखंडापेक्षा कठीण. माझ्या इंजिनाला हवा लागायची. ती हवा तेलाच्या भांड्यातून गाळून आत यायची. जाड कण त्या तेलात बुडून राहायचे. अगदी बारीक कण आत यायचे, पण पिस्टनभोवतीच्या तेलाबरोबर वाहून जायचे. घात करायचा तो मधला कण. तेलाचा पापुद्रा जेवढा जाड, तेवढाच तो. तो पिस्टन आणि त्याच्याभोवतीची नळी, म्हणजे लायनर, यांच्यामध्ये बसायचा आणि दिवसभर घासत राहायचा.

चौकीवर माझ्यासारखे सगळेच कुरकुरत असायचे. ट्रकांचे ब्रेक किंचाळायचे. दुर्बिणींच्या काचा अंध होत चालल्या होत्या. रायफलींची तर पंचाईतच होती. तेल जास्त लावले की धूळ चिकटून खटका अडायचा आणि तेल लावलेच नाही तर लोखंड लोखंडावर घासायचे. जवान बिचारे जेवणापेक्षा पुसण्यात अधिक वेळ घालवत.

आणखी एक धूळ होती. चौकीच्या पश्चिमेला एका जुन्या तळ्याचे कोरडे पात्र होते. उन्हाळ्यात तिकडून वारा सुटला की पांढरट, मऊ पीठ उडायचे. तुळजारामांनी ते चिमटीत धरून म्हटले होते, "आमच्या घरी दारात पिठाची रांगोळी, कोलम घालतात, त्या पिठासारखं आहे." ते पीठ माझ्या विजेच्या बाजूत शिरून तारांच्या बेचक्यांत बसायचे. पण तिथली हवा इतकी कोरडी की ते निजल्यासारखे पडून असायचे. त्याने मला काही केले नाही. त्यामुळे त्याच्याकडे कोणी पाहिलेही नाही.

एका दुपारी मोठे वादळ आले. गस्तीवर गेलेली तुकडी अजून परतायची होती. आकाश विटकरी झाले, मग सगळेच दिसेनासे झाले. गस्तीला चौकीची दिशा कळायला रेडिओशिवाय दुसरा आधार नव्हता; ज्या बाजूला वळल्यावर आवाज मोठा येई, तीच चौकीची बाजू. कॅप्टनसाहेब रेडिओपाशी बसून पुन्हा पुन्हा एकच सांगत होते, "आवाज ऐकत राहा. थांबू नका. आवाज ऐकत राहा."

इकडे माझा जीव गुदमरला. गाळणीतले तेल चिखलासारखे झाले होते. हवा मिळेना. माझा आवाज खाली जाऊ लागला आणि रेडिओवरचा दिवा मिणमिणू लागला. तुळजारामांनी तोंडाला ओले फडके बांधले आणि ते माझ्यापाशी गुडघ्यांवर बसले. मला बंद करून भांडे बदलायचे, तर रेडिओ बंद पडणार. चालू ठेवूनच बदलायचे, तर तेवढा वेळ मी उघड्या तोंडाने वाळवंट पिणार.

"साहेब, चालू ठेवूनच बदलतो," ते ओरडले. "इंजिन खराब होईल!"

"होऊ दे!" आतून आवाज आला.

त्यांनी भांडे काढले. ती धूळ माझ्या घशात कशी उतरली, ते मी सांगू शकणार नाही. त्यांनी दुसरे भांडे बसवले. थोड्या वेळाने तेही भरले. पुन्हा तेच. असे किती वेळा झाले, मी मोजले नाही. वारा पडला तेव्हा गस्तीचे जवान एकमेकांच्या पट्ट्याला धरून ओळीने येताना दिसले. सगळ्यांचे चेहरे एकाच रंगाचे झाले होते. त्यांतला एक जण माझ्यापाशी आला, माझ्या तापलेल्या पत्र्यावर त्याने कपाळ टेकले, चटका बसला तसे मागे घेतले आणि तो हसू लागला. हसता हसता रडू लागला.

त्या दिवसापासून माझे खूप कौतुक झाले. पण मी पहिल्यासारखा राहिलो नाही. निळा धूर सोडू लागलो, तेल पिऊ लागलो. मला कार्यशाळेत नेऊन रिंगा आणि लायनर नवे घातले. विजेच्या बाजूवर त्यांनी दाबाची हवा मारली. वरची धूळ उडून गेली आणि मी स्वच्छ दिसू लागलो. पण त्याच हवेने बेचक्यांतले पीठ आणखी आत ढकलले गेले होते.

पुढे बरीच वर्षे मी काम केले. मग नवी यंत्रे आली आणि मला एका मैदानात मोडक्या ट्रकांच्या रांगेत उभे केले गेले. कोणी झाकलेही नाही. तुळजाराम तोवर निवृत्त होऊन तंजावूरला परतले होते. माझा लिलाव होणार असे त्यांना जुन्या सोबत्याने फोनवर कळवले आणि ते आगगाडीने आले. त्यांनी मला बोलीत घेतले, एका ट्रकवर चढवले आणि आपण ड्रायव्हरशेजारी बसून थेट या गल्लीत आणले.

त्यांच्या पत्नी राजम दारात उभ्या होत्या. त्यांनी मला पाहिले, मग नवऱ्याला पाहिले.

"अय्यो, लोक फौजेतून येताना शाल आणतात, बदाम आणतात. तुम्ही हे काय आणलंत?"

"माझ्याबरोबर होता तो," तुळजाराम म्हणाले.

"सेरी, बरं. मग जेवायलाही घाला त्याला," असे म्हणून त्या आत गेल्या.

त्यांची मुलगी वासुकी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. तिने मात्र माझ्याभोवती एक फेरी मारली, झाकण उघडून बॅटरीचा उजेड आत टाकला आणि म्हणाली, "अप्पा, आत अजून वाळवंट आहे."

"असू दे. इतकी वर्षं आहे, काय झालं?"

मित्रांनो, तंजावूरची हवा मला नवी होती. इथे कावेरी आहे, कालवे आहेत, भाताच्या खाचरांत महिनोन्महिने पाणी उभे असते. पापड उघडा राहिला तर तासाभरात मऊ पडतो. माझे लोखंड सुखावले, धूळ नव्हती. पण पहिल्याच पावसाळ्यात माझ्या पोटात काहीतरी जागे झाले. ते पांढरे पीठ ओल पिऊ लागले. तारांच्या बेचक्यांत चिकट, ओलसर काहीतरी पसरते आहे आणि माझी वीज ठरलेली वाट सोडून त्यातून झिरपते आहे, हे मला कळत होते. तुळजारामांकडे हाताने फिरवायचे एक जुने मेगर होते. तारांमधून वीज जेवढी जास्त गळते, तेवढा त्याचा काटा खाली येतो. पावसात काटा उतरायचा, उन्हाळ्यात चढायचा. ते म्हणायचे, "वय झालंय. माझेही गुडघे पावसात दुखतात."

वासुकी म्हणायची, "अप्पा, एकदा उघडून नीट बघू या ना."

"बघू. पाऊस संपू दे."

पाऊस संपला की दुखणेही दिसेनासे व्हायचे, आणि राहून जायचे. अशी वर्षे गेली. गल्लीत वीज गेली की मी अधूनमधून चालायचो आणि सगळे म्हणायचे, मिलिटरीचा माल, याला काय होतंय!

मग एका कार्तिकात मोठे चक्रीवादळ आले. तंजावूरमध्ये झाडे पडली, पण खरा तडाखा दक्षिणेकडच्या गावांना बसला. तिसऱ्या दिवशी सकाळी ओरत्तनाडूच्या पलीकडच्या एका खेड्यातले शिक्षक कृष्णमूर्ती चिखलाने माखलेल्या मोटारसायकलवरून आले. ते वासुकीच्या ओळखीचे होते. त्यांनी पाणीही घेतले नाही.

"विजेचे सगळे खांब आडवे झालेत. कधी उभे राहतील ते कोणी सांगत नाही," ते म्हणाले. "गावाला पाणी बोअरच्या पंपाचं. टाकी कोरडी आहे. तळ्यात मेलेली जनावरं तरंगताहेत. मुलं तेच पाणी प्यायला लागलीत. तुमचा जनरेटर..."

तुळजाराम उठून शर्ट घालू लागले होते.

मला ट्रॅक्टरमागे जोडले. वासुकीही निघाली. राजम यांनी चिंचेच्या भाताचा डबा तिच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "अप्पांवर लक्ष ठेव. त्या यंत्रापुढं ते कुणाचं ऐकत नाहीत."

वाटेत मी जे पाहिले ते वाळवंटातही पाहिले नव्हते. नारळाची झाडे हजारोंनी मोडून पडली होती, सगळ्यांची डोकी एकाच दिशेला. नारळांचा खच पडला होता. लोक रस्त्यावर बसून होते.

गावाच्या टाकीखाली मला उभे केले. तुळजारामांनी जमिनीत लोखंडी सळई ठोकून तिची अर्थिंगची तार माझ्या अंगाला जोडली, म्हणजे अंगात उतरलेली वीज माणसांना न लागता मातीत जाते. पंप जोडला. मी सुरू झालो. नळाला पाणी आले तेव्हा बायकांच्या रांगेतून जो आवाज उठला, तो मी विसरणार नाही. लोक तुळजारामांना "मिलिटरीकारर", म्हणजे मिलिटरीवाले, म्हणू लागले. त्यांची पाठ ताठ झाली.

पण संध्याकाळी पुन्हा पाऊस लागला आणि रात्रभर पडत राहिला. माझ्यावर ताडपत्री होती, पण ओलीला ताडपत्री अडवत नाही. सकाळी मला सुरू केले तेव्हा माझ्या पोटातले पीठ पुरते भिजले होते. गळती वाढत होती. आणि रांगेतल्या लोकांच्या पायाखाली ती अर्थिंगची तार केव्हा निसटली, ते कोणाच्याच ध्यानात आले नाही.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातले सर्वात वाईट क्षण ते. माझ्या अंगात वीज उतरली होती. जमीन ओली होती. रांगेत अनवाणी बायका उभ्या होत्या, पोरे माझ्या चाकांभोवती शिवाशिवी खेळत होती. मला सगळे कळत होते आणि तोंड नव्हते.

अलमेलु नावाच्या एका म्हातारीने पितळी कुडम, म्हणजे घागर, कमरेवर घेताना तोल सावरायला माझ्या गाड्याला हात लावला. हात झटकून ती मागे सरकली. कुडम खाली पडला.

"झिणझिण्या आल्या," ती आपला तळहात पाहत म्हणाली. "हे यंत्र चावतं."

कोणीतरी हसले. वासुकी हसली नाही. तिने खिशातला टेस्टर काढून माझ्या पत्र्याला टेकवला. त्यातला छोटा दिवा लाल पेटला.

"सगळे मागे व्हा!" ती तमिळमध्ये ओरडली. "पोरांना उचला! अप्पा, बंद करा!"

तुळजारामांनी मला बंद केले. नळाची धार बारीक झाली आणि थांबली. तुळजारामांनी निसटलेली तार शोधून पुन्हा घट्ट आवळली. मग त्यांनी मेगर जोडून दांडा फिरवला. काटा तळाशी पडला होता, हलायलाही तयार नव्हता.

"तार लावली आहे आता," ते हळूच मराठीत म्हणाले. "कुणाला झटका बसणार नाही. टाकी भरेपर्यंत चालवतो."

"अप्पा, काटा बघा. अर्धी टाकी भरायच्या आत वाइंडिंग जळेल. मग उद्या काय देणार यांना?"

"काही जळत नाही. वाळवंटात याच्या तोंडात धूळ ओतली होती, तरी चालला हा."

"तेव्हा चालला. आता म्हातारा झालाय. तुम्हाला ते बघायचंच नाहीये."

मागे लोक बडबडू लागले होते. का बंद केलं? आमची पाळी आली तेव्हाच कसं बंद पडलं? एका माणसाने रिकामी बादली माझ्यावर आपटली. कृष्णमूर्ती दोन्ही हात पसरून त्यांच्या आणि आमच्यामध्ये उभे राहिले.

वासुकीने माझे झाकण काढले, हात आत घातला आणि तारांच्या बेचक्यातला लगदा बोटावर काढला. काळपट, गुळासारखा चिकट. तिने तो हुंगला. मग, मित्रांनो, तिने ते बोट जिभेला लावले.

"अप्पा, हे खारं आहे."

तुळजारामांनीही बोट आत घातले आणि चाखले.

"ते तळं," ते शेवटी म्हणाले. "कोलमच्या पिठासारखं ते. मिठाचं तळं होतं ते."

"मीठ ओल धरतं. ओल्या मिठातून वीज वाहते. कोरड्या फडक्यानं हे जाणार नाही, अप्पा. हवेनंही नाही."

"मीठ पाण्यानं जातं," तुळजाराम म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "पुरात बुडालेली यंत्रं आम्ही धुवायचो. गोड्या पाण्यानं धुवायची आणि मग भट्टीत वाळवायची. पण इथं गोडं पाणी कुठं आहे? तळ्यातलं घाण. शेतातलं चिखलाचं. बोअरचं हवं तर हाच चालायला हवा."

वासुकीने वर पाहिले. घरांच्या पन्हळींखाली रात्रीच्या पावसात लोकांनी भांडी लावून ठेवली होती.

"पावसाचं," ती म्हणाली.

ते मागायचे कसे, हा प्रश्न होता. त्या गावात तेवढेच तर प्यायचे पाणी उरले होते. कृष्णमूर्तींनी लोकांना सांगितले तेव्हा आधी कोणाला अर्थच लागला नाही. ज्या यंत्रातून पाणी मिळायचे त्यावरच पाणी ओतायचे? आणि विजेच्या यंत्रावर? "मिलिटरीकाररला वेड लागलंय," असे एक जण म्हणालाच.

अलमेलु पुढे आली. तिच्या सुनेचे बाळंतपण वादळाच्या आदल्या दिवशीच झाले होते. बाळंतिणीसाठी उकळायला म्हणून तिने पितळी हंडा भरून ठेवला होता.

"हे ओतलं तर चालू होईल का?" तिने तुळजारामांना विचारले.

तुळजाराम खोटे बोलू शकले असते.

"होईल असं वाटतं, अम्मा. खात्री देत नाही."

"आणि नाही ओतलं तर?"

"तर जळेल."

ती घरी गेली. परत आली तेव्हा तिने आणि तिच्या मुलाने तो हंडा दोन्हीकडून धरला होता. "माझ्या सुनेचं पाणी आहे," ती म्हणाली. "सांडू नका."

मग एकेक जण आले. कोणी तांब्या आणला, कोणी बादली, कोणी भाताचे पातेले. ज्याने बादली आपटली होती, त्यानेही ती भरून आणली.

तुळजारामांनी माझे बेअरिंग प्लास्टिकने बांधले आणि ते वाटीवाटीने माझ्या तारांवर पाणी सोडू लागले. वाळवंटात मी उघड्या तोंडाने धूळ प्यालो होतो, तेव्हा सगळे आत गेले होते. आता ते बाहेर येत होते. आधी काळे, मग चहाच्या रंगाचे. वासुकी खालून गळणारे पाणी बोटावर घेऊन चाखायची आणि मान हलवायची. अजून खारं. अजून खारं. हंड्याच्या तळाशी थोडेच उरले, तेव्हा तिने चाखले आणि थांबली.

"गोडं लागतंय," ती म्हणाली.

आता वाळवायचे होते. भट्टी कुठून आणणार? पण नारळ तर गावभर पडले होते. लोकांनी करवंट्या पेटवून निखारे केले, लोखंडी घमेल्यांत भरून माझ्याभोवती मांडले आणि वर ताडपत्री धरली. ज्वाला नको, फक्त ऊब हवी. वासुकी सारखी हात लावून पाहायची. माझ्या अंगाला नारळाच्या धुराचा गोडसर वास लागला. त्या रात्री अलमेलुच्या सुनेसाठी शेजाऱ्यांनी आपापल्या तांब्यातले घोटघोट पाणी पाठवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुळजारामांनी मेगरचा दांडा फिरवला. सगळे गाव काट्याकडे पाहत होते, जणू तो देवळातला दिवा आहे. काटा हलला. थांबला. मग हळूहळू, म्हाताऱ्याने जिना चढावा तसा चढत गेला.

मी सुरू झालो. पाणी वर चढले, टाकीत पडल्याचा आवाज आला. पहिली धार कोणी घ्यायची हे कोणी सांगितले नाही, पण रांग आपोआप सरकली आणि अलमेलुला वाट मिळाली. तिने कुडम भरला. जाताना माझ्याकडे पाहून म्हणाली, "आता चावू नकोस."

खांब उभे राहीपर्यंत मी त्या गावात आणि शेजारच्या गावांत चालत राहिलो. मिठाची बाधा गेली होती, पण वार्निशला भेगा पडल्या होत्या आणि माझे इंजिन आतून झिजले होते. तंजावूरला परतलो तेव्हा मला हार घातला. माझे फोटो काढले. मग लग्नांची, देवळातल्या उत्सवांची, तिरुवैयारुच्या गाण्याच्या मैफलींची बोलावणी येऊ लागली. जो तो म्हणायचा, तो वादळातला जनरेटरच पाहिजे. मी जात राहिलो. कौतुकाने लोखंड भरून येत नाही, मित्रांनो.

या आठवड्यात कल्याण मंडपाचे, म्हणजे लग्नाच्या कार्यालयाचे, मालक शेषाद्री मला मागायला आले. वासुकी पुढे होऊन नाही म्हणणार होती, तेवढ्यात तुळजारामच म्हणाले, "शेषाद्री, तो आता येणार नाही."

"का? बिघडलाय?"

"बिघडला नाही. चालतो अजून."

"मग?"

"मग काय? चालतो म्हणून मरेपर्यंत चालवायचा का?" तुळजाराम म्हणाले. शेषाद्री गेल्यावर ते पायरीवर बसले. वासुकी त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

माझे सांगणे एवढेच आहे. जे यंत्र चालते आहे ते ठीकच आहे, असे समजू नका. माणसांचेही तसेच. वरून पुसून, फुंकर मारून काळजी होत नाही. कधीतरी झाकण उघडून आत बोट घालावे लागते. आणि ते बिघडून बंद पडल्यावर नाही, त्याच्या आधीच. मला तोंड नव्हते, म्हणून एका म्हातारीला झटका बसावा लागला. तुमच्या घरातही न बोलणारे कोणीतरी असेल. त्याला आजच विचारा.

आज सकाळी तुळजारामांनी माझ्या टाकीतले डिझेल काढले. मग तेल काढले, बॅटरीच्या तारा सोडवल्या आणि हात पुसत ते घरात गेले. आता कोणी कळ दाबली तरी मी सुरू होणार नाही.

मित्रांनो, फार बरे वाटते आहे.